दरमहा एक शिलिंग : रिचर्ड अ‍ॅलन यांचे चरित्र

स्मरणिकेच्या या पानांवर आम्ही बहुधा आपल्या ज्ञातीतील दिवंगत पुरुषांची चरित्रे देत आलो. यंदा आम्ही सातासमुद्रांपलीकडे जात आहोत, याबद्दल वाचकांनी रोष मानू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केला, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्या मुक्ततेच्या कितीतरी आधी तेथील कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या बळावर आपल्या समाजाची बांधणी कशी आरंभिली होती, हे आपणांकडे क्वचितच सांगितले जाते. त्या बांधणीचा पाया ज्यांनी घातला त्यांत रिचर्ड अ‍ॅलन हे अग्रगण्य होत.

अ‍ॅलन यांचा जन्म १४ फेब्रुवारी १७६० रोजी झाला. त्यांचे आईबाप फिलाडेल्फियाचे वकील बेंजामिन च्यू यांचे गुलाम; सबब मूलही जन्मतःच मालकाचे. रिचर्ड लहान असतानाच सारे कुटुंब डेलावेअर प्रांतातील डोव्हरनजीकच्या स्टोकली स्टर्जिस नामक शेतकऱ्यास विकले गेले. हा मालक स्वभावाने कनवाळू होता. तरी तो कर्जात बुडाला तेव्हा त्याने रिचर्ड यांची आई व काही भावंडे विकली. मालकाच्या भलेपणाची मर्यादा ती एवढीच.

सतराव्या वर्षाच्या सुमारास अ‍ॅलन यांनी मेथॉडिस्ट हा ख्रिस्ती पंथ स्वीकारला. भजनपूजनाच्या नादाने गुलाम आळशी होतात असे शेजारी म्हणत. त्यांचे तोंड बंद व्हावे म्हणून हे दोघे भाऊ शेतावर पूर्वीपेक्षा अधिक राबू लागले. पुढे एका मेथॉडिस्ट उपदेशकाचे प्रवचन ऐकून मालकाचेच मन पालटले व त्याने त्यांस स्वतःची किंमत भरून सुटण्याची मुभा दिली. किंमत ठरली साठ पौंड सोन्याचांदीत, किंवा दोन हजार डॉलर त्या वेळच्या कागदी चलनात. अ‍ॅलन यांनी लाकडे तोडली, विटांच्या भट्टीवर काम केले, स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत मिठाच्या गाड्या हाकल्या, आणि १७८३ पर्यंत सारी रक्कम फेडली.

१७८६ साली ते उपदेशक म्हणून फिलाडेल्फियास आले. तेथे मोकळ्या झालेल्या कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. पण आजारीपणात वा मृत्यूच्या प्रसंगी त्यांस विचारणारे कोणी नव्हते. १२ एप्रिल १७८७ रोजी अ‍ॅलन, त्यांचे मित्र अ‍ॅब्सलम जोन्स व आणखी काही मंडळींनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. तिचे नियम आजही वाचावयास मिळतात. प्रत्येक सभासदाने दरमहा एक शिलिंग चांदीच्या नाण्यात द्यावयाचा. वर्षभर वर्गणी भरल्यानंतर गरजू सभासदास आठवड्यास तीन शिलिंग नऊ पेन्स मिळावयाचे. मात्र ती गरज त्याच्या स्वतःच्या अविचाराने ओढवलेली नसावी. विधवेस साहाय्य, आणि मृत सभासदाच्या मुलांचे शिक्षण वा धंद्याची उमेदवारी, ही जबाबदारी संस्थेची. मद्यपी व दुर्वर्तनी माणसास प्रवेश नाही. तीन महिने वर्गणी थकली व समज देऊनही योग्य कारण दाखविता आले नाही, तर सभासदत्व गेले. कोणी हिची तुलना आपल्या भिशीशी करील. पण भिशीत ज्याचे त्यास परत मिळते, आणि येथे धडधाकट राहिलेल्याचा शिलिंग शेजाऱ्याच्या औषधपाण्यास लागे.

गंमत अशी की, दोनच वर्षांनी खुद्द अ‍ॅलन या संस्थेबाहेर पडले. संस्थेत क्वेकर पंथाचे वळण येऊ लागले होते आणि सभेच्या आरंभी पंधरा मिनिटे मौन पाळण्याची प्रथा पडली होती. अ‍ॅलन यांचा पिंड खड्या आवाजातील प्रार्थनेचा. ते सभांस येईनात, वेगळ्या बैठका घेऊ लागले, आणि १७८९ च्या जूनमध्ये संस्थेने त्यांचे सभासदत्व संपल्याचे नोंदविले. मंडळांच्या कारभारात मुरलेल्या वाचकांस याचे नवल वाटणार नाही. नवल पुढेच आहे. मतभेद झाले तरी जोन्स व अ‍ॅलन यांचे सख्य तुटले नाही, आणि खरी कसोटी आली तेव्हा दोघे खांद्यास खांदा लावून उभे राहिले.

ती कसोटी १७९३ च्या ऑगस्टमध्ये आली. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी होती. तेथे पीतज्वराची साथ उसळली व सुमारे पन्नास हजार वस्तीच्या शहरात पाच हजारांच्या आसपास माणसे दगावली. अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यासह ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. बाप मुलास आणि नवरा बायकोस टाकून पळाला. डॉक्टर बेंजामिन रश यांची समजूत अशी की, कृष्णवर्णीयांस हा ज्वर होत नाही. म्हणून त्यांनी जोन्स व अ‍ॅलन यांस साहाय्याची विनंती केली. वास्तविक ज्या शहरातील प्रार्थनामंदिरात गुडघे टेकून बसलेल्या जोन्स यांस विश्वस्तांनी ओढून उठविले होते, त्या शहराचे देणे त्यांना काय होते? (हा प्रसंग अ‍ॅलन यांनी १७८७ चा सांगितला आहे, अलीकडील अभ्यासक तो १७९२ च्या सुमाराचा मानतात.) तरीही दोघांनी आपल्या लोकांची सभा बोलाविली, आणि दुसऱ्याच दिवसापासून घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा, आणि प्रेते उचलून पुरण्याचे काम सुरू झाले. रश यांची समजूत साफ चुकीची ठरली. आदल्या वर्षी कृष्णवर्णीयांची ६७ दफने झाली होती. त्या वर्षी ती ३०५ झाली. अ‍ॅलन स्वतःही अंथरुणास खिळले. हा रोग डासांमुळे फैलावतो, हे सिद्ध होण्यास १९०० साल उजाडावे लागले.

साथ ओसरली आणि मॅथ्यू केरी या प्रकाशकाचे पुस्तक निघाले. कृष्णवर्णीय शुश्रूषकांनी अडल्या रुग्णांकडून भरमसाट पैसे उकळले, घरे लुटली, असा त्यात आरोप होता. जोन्स व अ‍ॅलन यांची मात्र त्याने स्तुती केली होती. येथे दुसरे कोणी असते तर स्तुती पदरात घेऊन गप्प राहिले असते. या दोघांनी तसे केले नाही. दोघातिघांस वगळून बाकी सर्वांवर डाग ठेवणारी ती स्तुती त्यांनी नाकारली आणि १७९४ च्या जानेवारीत स्वतःची पुस्तिका छापून सगळा जमाखर्च लोकांपुढे मांडला. जमा २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. खर्च शवपेट्यांचे ३३ पौंड. पाच मजुरांची, तिघांची सत्तर सत्तर व दोघांची त्रेसष्ट त्रेसष्ट दिवसांची मजुरी, ३७८ पौंड. पदरची तूट १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. आम्ही हा हिशेब स्वतः करून पाहिला. पेनीचाही फरक नाही. नगराध्यक्ष क्लार्कसन यांनीही त्यांच्या कामाबद्दल लेखी ग्वाही दिली. वर्गणीचा रोजमेळ ज्याने रात्री दिव्यापाशी बसून लिहिला असेल, त्यास या आकड्यांमागची तळमळ सांगावयास नको.

पुढील चरित्र थोडक्यात सांगतो. १७९४ साली अ‍ॅलन यांनी एक जुना लोहारखाना घोड्यांकरवी ओढून आणून आपल्या जागेवर बसविला आणि तेथे बेथेल प्रार्थनामंदिर उघडले. त्या मंदिरावरील हक्कासाठी गोऱ्या धर्माधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षे झगडा चालला, तो १८१६ साली न्यायालयात बेथेलच्या बाजूने सुटला. त्याच साली ‘आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च’ ही स्वतंत्र संस्था उभी राहून अ‍ॅलन तिचे पहिले बिशप झाले. १८१४ साली इंग्रजांच्या स्वारीचे भय निर्माण झाले असता जोन्स, अ‍ॅलन व जेम्स फोर्टेन यांनी शहराची तटबंदी उभारण्यास सुमारे अडीच हजार माणसे जमविली. सप्टेंबर १८३० मध्ये निरनिराळ्या प्रांतांतील कृष्णवर्णीय प्रतिनिधींची पहिली परिषद बेथेलमध्ये भरली, तिचे अध्यक्ष अ‍ॅलनच होते. त्यांच्या पत्नी सारा बाईंनी, फाटक्या कपड्यांनी गावोगाव हिंडणाऱ्या उपदेशकांची वस्त्रे शिवून देण्यासाठी स्त्रियांचे मंडळ चालविले.

२६ मार्च १८३१ रोजी अ‍ॅलन यांचे निधन झाले. तेव्हाही देशात लक्षावधी गुलाम होते. मूळ लोहारखाना केव्हाच गेला; आज तेथे उभे आहे ते त्या जागेवरील चौथे मंदिर. त्याच्या तळघरात रिचर्ड व सारा यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.