साने गुरुजी : मुलांसाठी जागणारे लेखक

(बी. ए. भाग २)

आमच्या घरात पुस्तक हाती धरणारी मी पहिलीच. आई कांड्या भरत बसे आणि मी तिला ‘श्यामची आई’ वाचून दाखवी. शेजारच्या मागांच्या खडखडाटात अर्धे शब्द तिला ऐकूही जात नसत. तरी मी वाचायची थांबले की तिचा हात थांबे. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईला हे पुस्तक इतके आपले का वाटावे? गुरुजींचे चरित्र वाचताना याचे उत्तर मला सापडले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वैभव जाऊन कर्ज तेवढे उरलेले. दापोली, औंध, पुणे अशी शिक्षणासाठी वणवण झाली. औंधला हाताने शिजवून, प्रसंगी उपाशी राहून त्यांनी दिवस काढले. १९१७ मध्ये आई यशोदाबाई वारल्या, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. अखेरची भेट झाली नाही.

एम. ए. होऊन १९२४ मध्ये ते अमळनेरला शिक्षक झाले आणि छात्रालयाचा भार त्यांच्याकडे आला. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, अंथरुणे आवरीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. शिवाय मुलांसाठी स्वहस्ते ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढीत. पुढे ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. लेखक साने गुरुजी येथेच घडले, असे मला वाटते. त्यांचा वाचक समोर बसलेला होता. त्याचे घर, त्याचे दुःख त्यांना ठाऊक होते.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत लिहिला गेला. १९३५ मध्ये पुस्तक निघाले. त्यावरील आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. ते पाहायला गुरुजी नव्हते.

वर्गातील काही मित्र म्हणतात, गुरुजींचे लेखन फार रडवे आहे. हा आरोप अगदीच खोटा नाही. पण हाच हळवा माणूस विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहिला. डोळ्यांतले पाणी त्यांना दुबळे करीत नव्हते, कामाला लावीत होते. भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे म्हणून त्यांनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. मराठी आणि कानडी एकाच बाजारात ऐकणाऱ्या आपल्या इचलकरंजीकरांना ते समजावून सांगायला नको.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची ‘सुंदर पत्रे’ त्यातूनच मुलांपर्यंत पोचली. स्वातंत्र्यानंतरचे चित्र मात्र त्यांना सोसवेना. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. इतरांच्या उशाशी जागणाऱ्या या माणसाच्या उशाशी त्या वेळी कोणी असायला हवे होते, असे वाटून मन खिन्न होते.

आपला हा वार्षिक अंकही एक ‘छात्रालय दैनिक’च आहे. त्यात लिहिताना समोर कोण बसले आहे, हे मला गुरुजींमुळे कळले. हा लेख छापून आला की तो मी आईला वाचून दाखवणार आहे.