दुष्काळी कामावरच्या कॅशियरचा मुलगा देशाचा मजूरमंत्री झाला, तेव्हा कामगारांच्या पाण्याचं आणि न्हाणीघराचं काय झालं?

पिंपळनेर आणि आसपासच्या आदिवासी पाड्यांतून दरवर्षी मजुरांनी भरलेल्या गाड्या निघतात. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी गुजरात नाहीतर नाशिककडच्या बांधकामांवर. सोबत बोचकी, भांडी आणि लहान पोरं. साईटवर उतरल्या उतरल्या दोन गोष्टींची चौकशी होते. पाणी कुठलं प्यायचं आणि बायकांनी आडोशाला कुठं जायचं?

दिल्लीतल्या सत्तेच्या टेबलावर कामगारांचं पाणी, अंघोळ, बाळंतपण हे विषय ठामपणे मांडणाऱ्यांत एक नाव फार मोठं आहे. पण त्या नावासमोर आपण ‘घटनाकार’ एवढंच लिहून थांबतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चार वर्षं देशाचे मजूरमंत्री होते, हे फार कमी जणांच्या लक्षात राहतं. आणि त्यांचं खानदेशाशी नातं होतं, तेही एका मोडलेल्या पायाचं.

पण गोष्ट सुरू होते सातारा जिल्ह्यात, एका बांधकामाच्या साईटकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

साल साधारण १९०१. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील रामजी सकपाळ लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि खटाव तालुक्यात तलाव खोदाईच्या दुष्काळी कामावर कॅशियर. त्या काळात मुंबई इलाख्यात दुष्काळ पडला की सरकार अशी कामं काढायचं. खडी फोडा, माती वाहा, संध्याकाळी मजुरी घ्या. हजारो उपाशी माणसं एकाच जागी गोळा व्हायची. पाणी मोजकं आणि शौचाची सोय अपुरी, त्यामुळे पटकी म्हणजे कॉलरा शिरला की माणसं पटापट जायची. पिण्याचा साठा राखायचे नियम कागदावर होते, तरी १९०० मध्ये इलाख्यात कॉलऱ्यानं हाहाकार माजवला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जायला भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं रेल्वेनं मसूर स्टेशनला उतरले. वडिलांना पत्र वेळेवर मिळालंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कुणी आलं नाही. मुलं महार आहेत हे कळल्यावर कुणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, पण बैल मुलांनीच हाकायचे आणि तो शेजारून चालणार.

सोबत जेवणाचा डबा भरपूर होता, पण पाणी नव्हतं. वाटेतल्या डबक्यात गुरांचं शेण-मूत कालवलेलं, ते तोंडाजवळ नेणंही अशक्य. रात्री टोलनाक्यावर मागितलं, तिथंही नकार. अन्न असूनही तहानेनं घास उतरेना. मुलं दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मुक्कामी पोचली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर ते हजारो लोकांना घेऊन गेले, त्याची मुळं इथंही आहेत. आरोग्याच्या पुस्तकात शुद्ध पाणी आणि अशुद्ध पाणी असे दोन प्रकार असतात. त्या मुलांना मिळू शकणारं पाणी अशुद्ध होतं आणि शुद्ध पाण्याला त्यांनी हात लावायचा नव्हता.

आता खानदेश. १९२८ मध्ये मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य. १९२९ मध्ये ते या कामासाठी खानदेशात फिरले. पिंपळनेर तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडायचं. एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी करायला ते धुळे मार्गावर गेले आणि परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यात त्यांचा मुक्काम होता.

टांगेवाले त्यांना न्यायला तयार नव्हते. मग वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्यानं घेतला आणि त्यांच्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, घोडा उधळला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. साहेबांचा मान राखायला लोकांनी जीव धोक्यात घातला, हे त्यांना नंतर कळलं. रागावणार तरी कुणावर?

पुढे १९३७ मध्ये कोर्टाच्या कामानिमित्त ते धुळ्याला आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला आजही लोक जमतात ते त्याच आठवणीसाठी.

याच काळात मुंबईच्या गिरण्यांतला एक मुद्दा त्यांनी उचलला, जो ऐकायला विचित्र वाटतो. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथं अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण? नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून विटाळ. खरं तर असा उष्टा धोटा सगळ्यांच्याच तब्येतीला घातक. इंग्लंड-अमेरिकेत आरोग्याच्या कारणानं त्यावर आक्षेप घेतले गेले होते. इथं मात्र धोटा तोंडाला लावणं तसंच राहिलं आणि माणसं बाहेर ठेवली गेली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकालाही त्यांनी पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. हे खातं नावापेक्षा मोठं होतं. त्यात खाणी होत्या, पाटबंधारे आणि वीज होती, शिवाय केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातंही होतं. युद्धाचा काळ, धावपट्ट्या आणि बराकी धडाधड उभ्या राहत होत्या. दुष्काळी कामावरच्या कॅशियरचा मुलगा आता देशभरच्या सरकारी बांधकामांचा मंत्री होता.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाच्या कोळसा खाणी बघायला गेले. खाणीत उतरले, कामगारांच्या खोल्याही पाहिल्या. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून जाणाऱ्या कोळशावर कर आणि त्या पैशातून कामगारांसाठी पाणी, दवाखाने, घरं. पैसा मालकाच्या मर्जीवर सोडला नाही, ही त्यातली खरी मेख.

मग पाळणाघरं आली. १९४५ च्या दुरुस्तीनं खाणमालकांना ती ठेवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९४६ मध्ये कोळसा खाणींच्या तोंडाशी न्हाणीघरं बांधण्याचे नियम झाले. न्हाणीघर ही चैन वाटू शकते, पण कोळशाची भुकटी अंगावर घेऊन माणूस घरी गेला की ती अंथरुणात आणि लेकराच्या अंगावर जाते. सिमेंटचंही तेच. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं, कातडी जाळतं, हातापायाला भेगा पाडतं. दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा करणारं औषध नाही. सुटी झाल्यावर हातपाय धुवायला स्वच्छ पाणी असणं हा कामाचाच भाग आहे.

या कारकिर्दीत एक डागही आहे. बायकांनी खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी युद्धात कोळसा कमी पडतोय म्हणून १९४३ मध्ये सरकारनं उठवली. कायदेमंडळात मंत्री म्हणून या निर्णयाचा बचाव बाबासाहेबांना करावा लागला. समान मजुरीची अट होती, हे खरं. तरी ज्यांनी बाळंतिणीच्या रजेसाठी आवाज उठवला त्यांच्याच खात्याच्या काळात बायका पुन्हा अंधारात उतरल्या. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी परत लागू झाली.

१९४४ मध्ये सरकारनं द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली होती. मजुरी, घरं, कामाची परिस्थिती असं सगळं तिनं उद्योगवार तपासलं. १९४६ मध्ये कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याच वर्षी बाबासाहेबांचं मंत्रिपद संपलं.

राज्यघटनेत या सगळ्याचे धागे सापडतात. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात भेदभाव करायला मनाई आहे आणि कलम ४२ मध्ये कामाची न्याय्य, माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात स्वच्छता, पिण्याचं पाणी, शौचालय, धुण्याची सोय हे सगळं आलं. पण तो कारखान्यापुरता. इमारत बांधणारा मजूर आज इथं, उद्या तिथं. त्याच्यासाठी असा वेगळा केंद्रीय कायदा व्हायला १९९६ उजाडलं. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, म्हणजे मधे ४० वर्षं गेली.

१९९६ च्या त्या कायद्यात बांधकाम मजुरांसाठी शौचालयं आणि प्रथमोपचार आहेत. पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर आहे. आता तो कायदा नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत सामावला गेलाय. जुन्या कायद्यातलं पाण्याचं कलम मात्र मुद्दाम वाचण्यासारखं आहे. पिण्याच्या पाण्यापासून सहा मीटरच्या आत शौचालय, मुतारी किंवा धुण्याची जागा नको. आणि त्या जागेवर ‘पिण्याचे पाणी’ असं ठळक लिहायचं, तेही तिथल्या बहुतेक कामगारांना समजेल अशा भाषेत. म्हणजे सुरतच्या एखाद्या साईटवर बहुतेक मजूर पिंपळनेरकडचे असतील, तर नुसती गुजराती पाटी लावून ठेकेदाराची सुटका होत नव्हती.