मुक्त मायदेश न पाहिलेला वीर

डेन्मार्कचे नागरिक असूनही ब्रिटनचा सर्वोच्च युद्धसन्मान मिळविणाऱ्या अँडर्स लासेन यांना अवघे चोवीस वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १९२० रोजी डेन्मार्कमधील एका सधन जमीनदार घराण्यात झाला. शिकारीची आणि धनुर्विद्येची गोडी त्यांना बालपणीच लागली. ऐन तारुण्यात ते व्यापारी जहाजावर खलाशी झाले.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या आणि काही तासांतच तेथील सरकारने शरणागती पत्करली. त्या वेळी लासेन समुद्रावर होते. मायदेशाची वाट बंद झाल्यावर त्यांनी ब्रिटन गाठले आणि कमांडो म्हणून लष्करी सेवा पत्करली. जानेवारी १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेजवळील फर्नांदो पो बेटाच्या बंदरातून शत्रूची जहाजे पळवून नेण्याच्या धाडसी मोहिमेत ते सहभागी होते. पुढे १९४३ मध्ये क्रीट आणि १९४४ मध्ये सँटोरिनी या ग्रीक बेटांवर त्यांनी छापे घातले. 'मिलिटरी क्रॉस' हा सन्मान त्यांना तीन वेळा मिळाला.

एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील युद्ध अखेरच्या टप्प्यात होते. मोठा हल्ला होत असल्याचा आभास शत्रूला व्हावा, यासाठी ८ एप्रिलच्या रात्री मेजर लासेन यांच्या तुकडीला कोमाकिओ सरोवराच्या उत्तर काठावर पाठविण्यात आले. तुकडीत जेमतेम अठरा जण होते. दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये अरुंद रस्ता. मच्छीमार असल्याची बतावणी पहारेकऱ्यापुढे टिकली नाही आणि मशीनगन धडाडू लागल्या. लासेन यांनी हातबॉम्ब फेकत एकामागून एक ठाणी निकामी केली. तिसऱ्या ठाण्यातील सैनिकांनी शरण येत असल्याचे ओरडून सांगितले. त्यांना ताब्यात घेण्यासाठी लासेन पुढे सरसावले, तोच बाजूने गोळ्यांचा वर्षाव झाला. कोसळतानाही त्यांनी आणखी एक बॉम्ब फेकला. मात्र आपल्याला उचलून नेण्यास त्यांनी सहकाऱ्यांना ठाम नकार दिला. त्यामुळे माघार लांबली असती आणि आणखी जीव धोक्यात आले असते.

त्याच ९ एप्रिलला, तेथून फार दूर नसलेल्या सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून नेले आणि मग मशीनगनची ठाणी एकट्याने मोडून काढली. या दोन्ही वीरांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव तो छातीवर मिरविण्यासाठी हयात होते. लासेन यांना तो मरणोत्तर लाभला.

डेन्मार्कवरील आक्रमणाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे पूर्ण झाली होती. ५ मे १९४५ रोजी डेन्मार्क मुक्त झाला. ज्यासाठी लासेन यांनी शस्त्र हाती घेतले, तो दिवस त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आतच उगवला. इटलीतील अर्जेंटा येथील युद्धस्मशानभूमीत त्यांनी चिरविश्रांती घेतली आहे.