काल्पीची भट्टी सुटल्यावर

येवल्याचे रामचंद्र पांडुरंग, म्हणजेच तात्या टोपे, यांनी १८५७च्या अखेरीस यमुनाकाठच्या काल्पी किल्ल्यात तळ दिला. तेथे तळघरात दारूगोळा साठविला गेला, तोफा ओतल्या जात, नादुरुस्त बंदुका पुन्हा कामाजोग्या होत. समोर एन्फील्ड रायफली असताना ही अडचणीतली कारागिरीच त्यांचा आधार होती. मे १८५८ मध्ये काल्पी पडली. भट्टी व ऐरण मागे राहिली.

आता तोफ मिळवायची ती दुसऱ्याचीच. झालरापाटणला तीसहून अधिक तोफा हाती आल्या. सप्टेंबरात भोपाळच्या वायव्येस ब्यावऱ्याजवळ बहुतेक गमावल्या. ईसागडच्या तोफाही टिकल्या नाहीत. भोपाळच्या सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूच्या. तेथे आसरा कुठला? ऑक्टोबरअखेर तात्यांनी नर्मदा ओलांडली. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस त्यांना फाशी झाली.