घडीच्या कागदातले शहर

शहराचा विचार कशाने करायचा? नकाशाने, असे आपण चटकन म्हणू. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ मात्र आधी कागदाला घड्या घालत आणि पडलेल्या चौकटींतून शहराकडे पाहत. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक ते हेच.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, बॅलटर गावचा. लंडनला थॉमस हक्सलींच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे डोळ्यांनी दगा दिला. अंधाऱ्या खोलीत बसून राहणे नशिबी आले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती? खिडकीच्या तावदानांवरून हात फिरवता फिरवता त्यांना सुचले, की विचारही असे चौकटींत मांडता येतील. पुढे दृष्टी परत आली, पण घडीच्या कागदाची सवय जन्मभर राहिली.

त्यांचा गाजलेला कागद नऊ घरांचा. तिरप्या रेषेत तीन शब्द: जागा, काम, माणसे. उरलेल्या सहा घरांत या तिघांची एकमेकांशी नाती. बँकेत उमर घालवलेल्या माझ्यासारख्याला यात खतावणी दिसते. एका पानावरची नोंद दुसऱ्या पानाशी जुळल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. नदी आहे म्हणून रंगारी आहेत, रंगारी आहेत म्हणून आळी आहे. आळी उठवली, की काम तुटते आणि माणसे पांगतात.

हा विचार कागदावरच राहिला नाही. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाल्यावर हे जोडपे एडिंबरोच्या जुन्या, दाटीच्या वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी घरे दुरुस्त केली, मोकळ्या कोपऱ्यांत झाडे लावली. १८९२ पासून तिथल्याच एका मनोऱ्यात गेडिस यांनी कायमचे प्रदर्शन मांडले. माथ्यावरून आधी आपले शहर पाहायचे, मग मजला मजला उतरत देश आणि शेवटी जग.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले, तर त्यांच्या नगररचना-प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे जहाज जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेने बुडवले. मित्रांच्या मदतीने दुसरे प्रदर्शन उभे राहिले आणि १९१५ मध्ये मद्रासला भरले. मग शहरामागून शहर ते पायी पालथे घालू लागले. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्याला त्यांचा विरोध असे. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, तिथे छोटा चौक करावा, बाकीचे जपावे, अशी त्यांची बेताची शस्त्रक्रिया होती. खर्च कमी आणि बेघर होणारेही कमी.

१९१७ साली थोरला मुलगा फ्रान्समध्ये युद्धात पडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ॲनाबाई इथेच तापाने गेल्या. गेडिस यांनी काम सोडले नाही.

होळकरांच्या इंदूरला प्लेगची धास्ती होती. तिथे त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढवली. तिच्यात घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता आणि मानाने चालणारे सफाई कामगारही होते. ज्या आळ्या जास्त झाडलेल्या, तिथून मिरवणूक जाणार, असे ठरताच लोकांनी घरे, अंगणे स्वच्छ केली. इंदूरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा आहे.

१९१९ ते १९२४ ते मुंबईत शिकवत होते. गो. स. घुर्ये यांना त्यांनीच हेरले आणि पुढे विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली. गेडिस यांचे बोलणे भरकटे, घड्यांचे कागद अनेकांच्या डोक्यावरून जात आणि इथल्या कितीतरी सूचना अहवालांतच राहिल्या. तेल अवीवचा १९२५ चा आराखडा मात्र बराचसा प्रत्यक्षात उतरला. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये माँपेलिये इथे ते निवर्तले.

आज आपल्या शहरांत पुनर्विकासाच्या सभा भरतात. चटईक्षेत्राचा आकडा पहिल्या ओळीत असतो. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचे गिऱ्हाईक कुठे जाणार, जिना न चढवणाऱ्या आजींची शेजारीण कोण असणार, याला रकानाच नसतो. तो आखायला खर्च येत नाही. सभेला जाताना एक कोरा कागद खिशात असू द्यावा.