विद्युतरोधाचा नियम सांगणारे जॉर्ज ओहम

वाहकाच्या दोन टोकांमधील विभवांतराला त्यातून वाहणाऱ्या विद्युतधारेने भागले, की त्या वाहकाचा रोध मिळतो. शालेय विद्यार्थ्यांनाही तोंडपाठ असलेले हे समीकरण ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम यांना मात्र त्याला मान्यता मिळण्यासाठी सुमारे १४ वर्षे वाट पाहावी लागली.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगन इथे झाला. त्यांचे वडील कुलपे तयार करणारे कारागीर होते. स्वतःच्या प्रयत्नाने गणित आणि विज्ञान शिकलेल्या या पित्याने जॉर्ज आणि त्यांचे धाकटे बंधू मार्टिन यांना घरीच उत्तम शिक्षण दिले. मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपाला आले. १८०५ मध्ये विद्यापीठात दाखल झाल्यावर जॉर्ज यांचे लक्ष अभ्यासापेक्षा नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरील स्केटिंगमध्ये अधिक रमू लागले. संतापलेल्या वडिलांनी त्यांचे शिक्षण थांबवून त्यांना स्वित्झर्लंडला पाठवले. तिथे शिक्षकाची नोकरी करत त्यांनी गणिताचा अभ्यास सुरू ठेवला आणि १८११ मध्ये एर्लांगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरची काही वर्षे तुटपुंज्या वेतनाच्या नोकऱ्यांत गेली.

१८१७ मध्ये कोलोन इथल्या माध्यमिक शाळेत त्यांची नेमणूक झाली. या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती आणि विद्युतधारेवरील त्यांच्या प्रयोगांना इथेच सुरुवात झाली. तारेची लांबी वाढवली असता तिच्यातील विद्युतधारा नेमकी किती प्रमाणात घटते, हा त्यांचा प्रश्न होता. १८२५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले सूत्र चुकीचे ठरले. दोष त्यांच्या गणितात नव्हता. प्रयोगासाठी वापरलेल्या व्होल्टा यांच्या विद्युतघटाचा दाब धारा वाहू लागताच खाली येत असे. मोजपट्टीच आखडत असेल, तर कापडाची लांबी अचूक कशी मिळणार?

या अडचणीवरचा उपाय नियतकालिकाचे संपादक योहान पोगेनडॉर्फ यांनी सुचवला. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक ठेवल्यास विद्युतधारा वाहते, हे थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले होते. ओहम यांनी बिस्मथ आणि तांब्याची अशी जोडणी केली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात, तर दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळते आणि बर्फ वितळते ते ठरावीक तापमानालाच, त्यामुळे विद्युतदाबही स्थिर राहिला. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या, सारख्याच जाडीच्या ८ तांब्याच्या तारा त्यांनी एकामागून एक जोडल्या. विद्युतधारेमुळे चुंबकसूची वळे. तिला मूळ जागी आणण्यासाठी टांगणीला किती पीळ द्यावा लागतो, यावरून धारेचे मोजमाप होई. अशी नाजूक उपकरणे घडवताना वडिलांच्या कार्यशाळेत अंगवळणी पडलेले कसब त्यांच्या कामी आले.

१८२६ मधील या मोजमापांतून नियम स्पष्ट झाला. विद्युतधारा विभवांतराच्या सम प्रमाणात आणि मंडलाच्या एकूण रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. या एकूण रोधात केवळ तारेचा नव्हे, तर विद्युतस्रोताचा स्वतःचा रोधही धरावा लागतो, ही महत्त्वाची बाब त्यांच्या सूत्रात पहिल्यापासून होती. १८२७ मध्ये बर्लिनमध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उष्णतेच्या वहनाविषयी फ्रान्सच्या फूरिए यांनी मांडलेल्या गणिताचा आधार त्याला होता.

ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. जर्मनीतील अनेक विद्वानांना निसर्गाविषयीचे असे गणिती विवेचन रुचणारे नव्हते. विद्यापीठातील पदाची आशा फोल ठरल्याने ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढची काही वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये गणित शिकवून काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना प्राध्यापकपद मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोपली पदक देऊन त्यांचा गौरव केला, तेव्हा कुठे मायदेशातही त्यांच्या कार्याची दखल घेतली जाऊ लागली.

योगायोग असा, की याच वर्षी इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी विद्युतधारेमुळे तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या सम प्रमाणात असते, असे दाखवले. या दोन नियमांच्या आधारे आज कोणत्याही विद्युत उपकरणाचा हिशेब मांडता येतो. २३० व्होल्टवर चालणारा गिझर १० अँपिअर धारा घेत असेल, तर त्याचा रोध २३ ओहम आणि शक्ती २,३०० वॅट होते. रोध तोच राहून विभवांतर दुप्पट झाले, तर शक्ती चौपट होते. ११५ व्होल्टसाठी बनवलेली परदेशी इस्त्री भारतात थेट जोडल्यास जळते, ती यामुळेच. अर्थात, ओहम यांचा नियम तापमान स्थिर असतानाच काटेकोरपणे लागू पडतो. बल्बच्या तापलेल्या तंतूचा रोध थंड तंतूच्या रोधाच्या कितीतरी पट असतो.

या नियमाच्या जवळ ओहम यांच्याही आधी एक शास्त्रज्ञ पोहोचले होते. इंग्लंडचे हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ मध्ये स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या विजेच्या धक्क्यांची तुलना करून तसाच निष्कर्ष काढला होता. पण तो त्यांनी प्रसिद्ध केला नाही. मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये तो उजेडात आणला, तोपर्यंत ओहम यांचे नाव नियमाशी कायमचे जोडले गेले होते.

म्युनिक विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद ओहम यांना १८५२ मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी मिळाले. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिस इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले. रोधाच्या उलट असलेल्या वाहकतेच्या एककासाठी त्यांच्या आडनावाची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने लिहून म्हो हा शब्द तयार करण्यात आला. १९७१ मध्ये सीमेन्स या एककाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाल्यानंतर तो मागे पडला.