नामदार गोखले : शाळामास्तर ते लोकप्रतिनिधी

कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कागल येथे नोकरीस होते. गोपाळराव तेरा वर्षांचे असताना पितृछत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावास शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घर कसे चालले असेल, याची कल्पना संसारी माणसास सहज येईल.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. मोठ्या पगाराची वाट मोकळी असता त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर मास्तरकी पत्करली. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत त्यांनी घेतले. फर्ग्युसन कॉलेजात गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्यास येई तो ते शिकवीत. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली आकडे तपासून, कागदपत्रे वाचून बोलण्याची शिस्त त्यांना लागली.

तरीही एकदा पाय घसरला. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले असता, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सोजिरांवर त्यांनी गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मिळेना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली, मात्र पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सरकारला दिली नाहीत. लोकनिंदा पुष्कळ झाली. ती सारी त्यांनी एकट्याने सोसली.

१९०२ साली ते कॉलेजातून निवृत्त झाले व त्याच साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. अंदाजपत्रकावरील त्यांची भाषणे म्हणजे गणिताच्या मास्तरांनी सरकारची वही तपासावी अशी असत. मिठावरील करावर ते सतत बोलत राहिले. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

परंतु खेड्यापाड्यांतील लोकांनी त्यांचे स्मरण ठेवावे ते १९११ च्या प्राथमिक शिक्षणाच्या बिलाबद्दल. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यावा आणि दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या आईबापांकडून फी घेऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारने खर्चाचे कारण पुढे केले. शेतावर मजूर मिळणार नाहीत, अशी भीती काही बड्या जमीनदारांना वाटली. मार्च १९१२ मध्ये तेरा विरुद्ध अडतीस मतांनी बिल पडले. पडणार हे त्यांस आधीच ठाऊक होते, तरी मत घेण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही.

त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या मदतीस गेले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, पन्नाशीही न गाठता, त्यांनी देह ठेवला. आपला मुलूख ज्या मध्य प्रांतात मोडत होता, तेथे प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० साली झाला. देशभरातील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळण्यास १ एप्रिल २०१० उजाडावे लागले.